कोल्हापुरात नवा गाडा शोधताय? आधी घड्याळ बघा

बदली होऊन कोल्हापुरात आलात, नावाजलेल्या मिसळी आणि तांबडा-पांढरा खाऊन झाला, आता नवे गाडे आणि नवी हॉटेलं करून बघायची आहेत, पण पोटाची धास्ती वाटते. शिवाय घरात सहा वर्षांचा मुलगा आणि शाकाहारी आई. तुमचा प्रश्न एवढाच ना? मग मी नावांची यादी देत बसत नाही. गाडे जागा बदलतात, चालवणारे हात बदलतात, आणि सहा महिन्यांत यादी शिळी होते.

या गावात पदार्थ कुठे मिळतो त्याच्याइतकंच तो किती वाजता मिळतो हे बघावं लागतं. ज्याची जी वेळ, त्या वेळेला अनोळखी गाड्यावरही चांगलं मिळतं. अवेळी गेलात तर मोठ्या नावाच्या ठिकाणीही तोंड वाकडं करून उठाल.

मिसळ सकाळची. उद्यमनगरला किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडे जाणारा कामगार गाड्यावर खाऊन कामावर जातो, त्याच्या वेळेला तुम्ही पोचा. आठ-साडेआठला कटाचं पातेलं आचेवर रटरटत असतं आणि उसळ ताजी असते. अकरानंतर बऱ्याच ठिकाणी तोच कट पाणी आणि चटणी (इथे तिखट मसाल्यालाच चटणी म्हणतात) घालून ताणतात. तवंग तेवढाच लालभडक दिसतो, म्हणून डोळ्यांवर जाऊ नका. आधी नुसत्या कटाचा एक भुरका घ्या. घशाला मिरची झोंबली आणि मागून कांदा-खोबऱ्याची, खड्या मसाल्याची चव आलीच नाही, तर तो ताणलेला कट. चांगल्या कटाचा तिखटपणा उशिरा लागतो, कपाळावर घाम येतो, पण घसा जळत नाही. चटणी कुठली वापरता असं सहज विचारून बघा. उन्हाळ्यात डंकावर कुटून घेतलेली घरची चटणी असेल तर माणूस खुलून बोलतो, मिरची कुठली घेतली तेही सांगतो. पाकिटातली असेल तर विषय बदलतो. आणि हो, मिसळीबरोबर इथे ब्रेडचे स्लाइस येतात. पाव मागितलात की पुढच्या बाकावरचे वळून बघतील. कट मात्र बिनधास्त दुसऱ्यांदा मागा, तो मागायचाच असतो.

आता पोटाचं. नव्या गाड्यावर ऑर्डर द्यायच्या आधी पाच मिनिटं बाजूला उभे राहा. बहुतेक जण गर्दी किती आहे तेवढंच बघतात. मी प्लेट कशी धुतात ते बघतो. एकाच बादलीत सगळ्या प्लेटा बुचकळून काढत असतील आणि पाणी गढूळ झालं असेल, तर रस्सा कितीही भारी असू दे, मी पुढे जातो. दुसरं, पैसे घेणारा आणि वाढणारा हात एकच आहे का. तिसरं, तेल. कढईत काही तळत नसतानाही धूर निघतोय, भजी टाकली की फेस येतो आणि बसतच नाही, तर ते तेल कालचं नाही, परवाचं आहे. २०१८ पासून तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांपर्यंतच चालतात असा नियम आहे. ते मोजायचं यंत्र तुमच्या-माझ्या खिशात नसतं, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदावर तेलकट वडा दिला तर प्लेट मागून घ्या. छपाईची शाई खाण्यात उतरते, आणि तसं देणं नियमातही बसत नाही.

अन्नसुरक्षेची नोंदणी लहान गाड्यालाही लागते. १४ आकडी नंबर असतो, काही जण तो गाड्यावर लावतात. नंबर आहे म्हणून स्वच्छता आहेच असं मी धरत नाही, पण नवीन माणसाने तो लावला असेल तर मला बरं वाटतं.

भेळ, रगडा पॅटिस संध्याकाळचे. रंकाळ्याला किंवा खासबागेच्या बाजूला सहा-सातला जा, चुरमुरे दिवसाचे आणि कांदा डोळ्यांसमोर चिरलेला. भेळ तशी सोपी, कारण बहुतेक माल कोरडा. धोका असतो तो चटणीच्या पाण्यात आणि पाणीपुरीच्या माठात. पावसाळ्यात मी पाणीपुरी बंदच ठेवतो. पंचगंगेला पूर आला की उपसा केंद्रं पाण्याखाली जातात आणि शहर टँकरवर येतं. २०१९ ला आणि २०२१ ला तेच झालं. त्या दिवसांत गाड्यावरचं पाणी कुठून आलं हे गाडेवाल्यालाही धड सांगता येत नाही. बर्फाचंही तसंच. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, म्हणून सरबताच्या गाड्यावरची लादी निळसर दिसली तर तिथे थांबूच नका.

गंगावेशीतला दूध कट्टा तुम्ही बघणारच. म्हैस समोर उभी, धार थेट भांड्यात, वर बोटभर फेस, आणि तालमीतून आलेली पोरं उभ्या उभ्या ग्लास रिकामा करतात. तुम्ही प्या, तुमची मर्जी. मुलाला मात्र ते कच्चं दूध देऊ नका. कच्च्या दुधातून काय काय येऊ शकतं हे कुठलाही डॉक्टर सांगेल. घरी आणून उकळून द्या, साय बघूनच खूश होईल.

नव्या हॉटेलांबद्दल माझं मत जरा कडक आहे. उद्घाटनाच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा पाहुणे, मित्रमंडळी, फुकटचे फोटोवाले, सगळे असतात आणि स्वयंपाकघराची घडी बसलेली नसते. महिना-दीड महिन्याने जा. मालक अजून गल्ल्यावर बसतोय का आणि आचारी तोच आहे का, दोन्ही तेव्हा कळतं. कार्डावर चायनीज, तंदूर, पंजाबी आणि कोल्हापुरी थाळी एकत्र असेल तर तिथे थाळी मागवू नका, तंदुरी रोटी खाऊन या. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लाल भाजी तर इथल्या घरांत कुणी करत नाही.

मटणाला वार बघा. रविवार, बुधवार, शुक्रवार खपाचे. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे खूप, त्यामुळे त्या दिवशी मटण कमी उठतं, आणि सोमवारच्या ताटात रविवारचं आलं नाही ना, ही शंका राहतेच. श्रावणात तर नव्या खानावळीची परीक्षाच घेऊ नका. दुपारी एकच्या सुमाराला जा आणि सगळ्यात आधी पांढरा रस्सा चाखा. तांबड्यात मिरचीआड बरंच लपतं, पांढऱ्यात काही लपत नाही. तो पातळ हवा, अळणीचा, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्याचा वास यायला हवा, नारळाचं दूध मागून लागायला हवं. दाट, गोडूस आणि चमच्याला चिकटणारा असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा काजूची भरती आहे. फुटल्यासारखा कणीदार दिसला तर नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळलाय. पांढरा जमलेल्या ठिकाणचं सुकं मटण सहसा फसत नाही.

आईंसाठी अख्खा मसूर आणि रोटी मागवा, कराड-इस्लामपूरपासून हायवेच्या ढाब्यांवर आणि आता शहरातही मिळतो. फक्त ढाबा मिश्र असेल तर कढई आणि पळी वेगळी आहे का, हे मागवायच्या आधी स्पष्ट विचारा. नाराज होऊन उत्तर दिलं तर उठा. सुट्टीला पन्हाळ्यावर न्या. तिथे बायका झुणका-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही देतात, आईंना ते हॉटेलपेक्षा नक्की आवडेल.

मुलासाठी दावणगिरी लोणी डोसा सगळ्यात सोयीचा. त्याचे गाडे गावभर आहेत, तिखट काही नाही, तव्यावरून थेट गरम ताटलीत. चटणी मात्र सकाळीच घ्या, खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबते. खानावळीत गेलात तर बसल्या बसल्या वाढप्याला सांगा, "पोरासाठी वाटीभर अळणी द्या." बऱ्याच खानावळी वेगळे पैसे न लावता देतात. त्यात भात कालवून द्या.