रात्री फेल, सकाळी पास: या टेस्टचा पेपर होईल का?

पत्र: मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर तासगावला, पप्पांचा बेदाण्याचा व्यापार. वर्षभर एका ओपन सोर्स प्रोजेक्टमधल्या मोडलेल्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) दुरुस्त करतेय, चार पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मूळ कोडमध्ये मर्ज झालेत. त्यातल्या काही टेस्ट रात्री माझ्या लॅपटॉपवर फेल होतात आणि सकाळी कॉलेजमध्ये काही न बदलता पास होतात. सिनिअरने आयसीएसएमई या सॉफ्टवेअर मेंटेनन्सच्या परिषदेबद्दल सांगितलं. माझ्यासारखीला तिथे भाग घेता येतो का? मागच्या आठवड्यात दुसऱ्याच एका ‘आंतरराष्ट्रीय परिषदे’चा ईमेल आला: नऊ हजार रुपये भरा, चार दिवसांत पेपर स्वीकारू. पप्पा म्हणतात, भरून टाकू.

उत्तर: आधी पप्पांना सांग, नऊ हजार भरू नका. खऱ्या परिषदेत पेपर पाठवायला एक रुपया लागत नाही. साधारण तीन परीक्षक तो वाचतात, त्याला दीड-दोन महिने जातात, आणि स्वीकारला गेला तरच नोंदणीची फी येते. चार दिवसांत कुणी पेपर वाचत नाही. त्याच परिषदेत नर्सिंग, कॉमर्स आणि सिव्हिल हे सगळेच विषय चालत असतील तर दुकान ओळख. आणखी एक तपासणी दहा मिनिटांत होते: समितीत ज्यांची नावं छापलीत त्यातल्या दोघा-तिघांची विद्यापीठातली स्वतःची पानं उघड आणि या परिषदेचा तिथे उल्लेख आहे का बघ. नुसतं ‘आयईईई’ हे अभियंत्यांच्या संघटनेचं नाव लिहिलेलं पुरेसं नाही. मागच्या वर्षीचे पेपर आयईईई एक्सप्लोर या तिच्या संग्रहात किंवा एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या डिजिटल लायब्ररीत सापडले पाहिजेत.

आयसीएसएमई या कसोट्यांवर उतरते. 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे कार्यशाळा म्हणून सुरुवात झाली, 2014 पासून नावात ‘इव्होल्यूशन’ आलं. परिषदांना दर्जा देणाऱ्या ‘कोअर’च्या यादीत तिला ‘ए’ दर्जा आहे. बहुतेक वर्षी ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरते: 2023 ला बोगोटा, 2024 ला अमेरिकेतलं फ्लॅगस्टाफ, 2025 ला ऑकलंड. म्हणजे प्रवासाचा खर्च मोठा, त्याचं पुढे बोलू.

तिथे शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत. मुख्य रिसर्च ट्रॅक, म्हणजे संशोधनाचा विभाग, दहा पानं आणि संदर्भांना दोन पानं असा असतो. तो सध्या बाजूला ठेव. डॉक्टरल सिम्पोझियम पीएचडीवाल्यांसाठी. तुझ्यासाठी बघण्यासारखा आहे तो ‘न्यू आयडियाज अँड इमर्जिंग रिझल्ट्स’, म्हणजे नव्या कल्पनांचा ट्रॅक: चार-पाच पानं, पूर्ण सिद्ध झालेलं काम अपेक्षित नसतं, पण प्रश्न नवा आणि हाताशी थोडा पुरावा हवा. टूल बांधलं असेल तर टूल डेमो, त्यासोबत छोटा व्हिडिओ लागतो. पेपर नसला तरी स्टुडंट व्हॉलंटिअर म्हणून अर्ज करता येतो. काही तास नोंदणी टेबल आणि सत्रांची व्यवस्था सांभाळायची, बदल्यात सहसा नोंदणी माफ होते. विमानाचं भाडं मात्र मिळत नाही. पानांची मर्यादा दरवर्षी बदलू शकते, म्हणून त्या-त्या वर्षीचं पेपर मागवणारं निवेदन शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अर्धं पान जास्त झालं तरी पेपर न वाचता परत येतो.

आता तुझ्या टेस्टकडे येऊ, कारण खरा माल तिथे आहे. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत तासगावात तारीख बदललेली असते, यूटीसीत अजून आदला दिवस चालू असतो. टेस्टमध्ये एका ओळीत ‘आज’ लॅपटॉपच्या घड्याळावरून घेतलाय आणि दुसऱ्या ओळीत यूटीसीवरून, तर बाराच्या आत टेस्ट पास, बारानंतर फेल, आणि सकाळी पुन्हा पास. प्रोजेक्टचा सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर त्याला ही चूक कधीच दिसणार नाही. अशा कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्टना फ्लेकी टेस्ट म्हणतात. 2014 मध्ये अपाची या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टमधल्या 201 कमिटचा, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांचा, अभ्यास झाला. त्यात असिंक्रोनस (मागे चालू असलेल्या) कामाची वाट नीट न पाहणं, कॉन्करन्सी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा गोंधळ) आणि टेस्टचा क्रम ही तीन कारणं सगळ्यात जास्त सापडली. वेळेशी संबंधित चुकाही त्यात आहेत, पण कमी.

चार पॅच म्हणजे संशोधन झालं असं नाही. चार पॅचमधून प्रश्न निघाला की संशोधन सुरू होतं. उदाहरणार्थ: टाइमझोनमुळे मोडलेली टेस्ट दुरुस्त करताना लोक मूळ कोड सुधारतात, की टेस्टमध्ये यूटीसी पक्कं करून मोकळे होतात? दुसऱ्या प्रकारात सर्व्हरवर हिरवं, म्हणजे पास, दिसतं आणि चूक भारतातल्या वापरकर्त्याच्या वाट्याला तशीच राहते. मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि सांगलीत बसून तो जितका नीट दिसतो तितका लंडनमध्ये हिवाळ्यात दिसणार नाही. तिथलं घड्याळ तेव्हा यूटीसीशी जुळलेलं असतं.

मोजायचं कसं? दहा-पंधरा प्रोजेक्ट निवड आणि निवडीची अट आधी लिहून ठेव: किती जुने, किती कमिट, कोणती भाषा. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या एपीआयला (प्रोग्राममधून माहिती मागायची सोय) टोकन, म्हणजे ओळखीची किल्ली, न देता विचारलंस तर तासाला 60 विनंत्या मिळतात, टोकन दिलं तर 5000. टोकन काढ, नाहीतर आठवडा जाईल. त्याहून बरं म्हणजे रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा सगळा कोड) क्लोन करून, म्हणजे उतरवून, गिटचा लॉग (बदलांची नोंदवही) स्वतःच्या मशीनवर चाळ. इथे ठरलेले खड्डे आहेत. मर्ज कमिट (दोन शाखा जोडल्याची नोंद) न गाळल्यास तोच बदल दोनदा मोजला जातो. डिपेंडाबॉटसारखे आपोआप बदल पाठवणारे बॉट माणसांत धरले जातात. एकच माणूस घरून एका ईमेलने आणि ऑफिसातून दुसऱ्याने कमिट करतो आणि तुझ्या तक्त्यात दोन माणसं होतात. त्यासाठी ‘मेलमॅप’ फाइल असते, ती वापर. शोधशब्द नुसता ‘टाइमझोन’ ठेवलास तर टेस्टशी संबंध नसलेल्या फीचरचे कमिटही भसाभस येतील.

जमलेले कमिट हजारोंनी असतील तर यादृच्छिक नमुना घे. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरली की 384 चा आकडा येतो. नव्या कल्पनांच्या ट्रॅकला शंभरेकही चालतील, फक्त तसं स्पष्ट लिही. वर्गवारी एकटीने करू नकोस. मैत्रिणीला तेच कमिट वेगळे बसून बघायला दे, मग दोघींचं किती जुळलं ते कोहेनच्या कॅप्पाने मोज, मतभेद चर्चेने सोडवा. परीक्षक हा आकडा हमखास शोधतात.

लिहून झालं की नाव लपवायचं काम. अनेक ट्रॅकमध्ये परीक्षकाला लेखक कळता कामा नये, आणि चूक नेहमी पेपराबाहेर होते: पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव, स्क्रिप्टमधल्या फोल्डरच्या पत्त्यात आडनाव, डेटाच्या लिंकमध्ये कॉलेज. तुझेच चार पॅच नमुन्यात असतील तर ‘आम्ही पाठवलेले’ असं लिहू नकोस. कोड दाखवायला ‘अनॉनिमस गिटहब’ची सोय आहे. स्वीकृतीनंतर सगळं झेनोडो या संशोधनाच्या डेटासंग्रहात ठेव, कारण गिटहबवरचा मजकूर उद्या बदलेल किंवा उडेल, झेनोडोचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) तसाच राहतो. लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या आणि ‘ही आज्ञा द्या, हा तक्ता येईल’ असं रीडमी सोबत हवं. नवीन मशीनवर मैत्रिणीकडून चालवून घे. ‘माझ्याकडे चालतं’ या कारणाने आर्टिफॅक्ट, म्हणजे पेपरसोबतचा कोड आणि डेटा, परत येतात.

कॉलेजमधल्या एका सरांना किंवा मॅडमना आताच सोबत घे. विषय त्यांचा नसला तरी मसुदा कठोरपणे वाचणारं कुणी हवं. पण ज्यांनी काम केलं नाही त्यांचं नाव लेखकांत घालायचं नाही, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घे.

खर्चाकडे बघता माझं मत असं: आयसीएसएमईचं ध्येय ठेव, पण पहिली पायरी जवळची घे. भारतात आयएसईसी ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची परिषद 2008 पासून भरते, बहुधा फेब्रुवारीत, आणि सांगलीहून रेल्वेने जाता येईल अशा शहरातही असू शकते. एमएसआर या सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरींमधला डेटा अभ्यासणाऱ्या परिषदेत मायनिंग चॅलेंज असतं: डेटा तेच देतात, तू प्रश्न विचारून चार पानांत उत्तर द्यायचं. ती 2014 मध्ये हैदराबादला झाली होती. सिगसॉफ्ट या एसीएमच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग गटाची ‘कॅप्स’ ही योजना त्या गटाच्या परिषदांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत देते. अर्ज परिषदेच्या बराच आधी करावा लागतो. आणि पेपर स्वीकारला गेला की निदान एका लेखकाची नोंदणी बंधनकारक असते, ती रक्कम कॉलेजकडे आधीच मागून ठेव.

पप्पांना पैसे खर्चायचेच असतील तर तुझा पासपोर्ट काढून द्यायला सांग. निकाल आणि परिषद यांत दोन-तीन महिनेच असतात, आणि पासपोर्ट, निमंत्रणपत्र, व्हिसाची तारीख हे सगळं तेवढ्यात बसत नाही.

मुदतीजवळ ‘एओई’ लिहिलेलं दिसेल. पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 वाजून 29 मिनिटं. सारांशाची मुदत मात्र अनेकदा पेपरच्या आठवडाभर आधी असते. ती चुकली तर पेपर अपलोडच करता येत नाही. कॅलेंडरवर दोन्ही तारखा आजच लिही.