युरोपियन युनियन शेजारच्या देशांशी संबंध कसे ठरवते? सगळ्यांना एकच नियम असतो का?

नाही हो, प्रत्येकाशी वेगळा हिशोब. नॉर्वेच्या लोकांनी 1972 आणि 1994 ला दोनदा मतदान करून सदस्यत्व नाकारलं, तरी युनियनच्या मार्केटमध्ये आहेत, त्यासाठी तिकडचे बरेचसे कायदे पाळतात, वर पैसेही भरतात, पण कायदा ठरवताना मत नाही. म्हणजे वर्गणी द्यायची पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायचा नाही!

स्वित्झर्लंडने तर शंभराहून जास्त वेगवेगळे करार केलेत. सीमेवरच्या बासेल शहरातून 8 नंबरची ट्राम पकडली की थेट जर्मनीत वाइल गावात उतरता, शेंगेनमुळे (सीमेवरची रोजची तपासणी काढून टाकणारा करार) पासपोर्ट रोज कोण बघत नाही, पण कस्टम्स मात्र वेगळं, त्यामुळे स्विस लोक तिकडे स्वस्त मटण-चीज घ्यायला जातात आणि येताना किती किलो आणलं हे बघावं लागतं. 2014 मध्ये त्यांनी बाहेरून येणाऱ्यांवर कोटा लावायचा कौल दिला तर युनियनने लगेच रिसर्चच्या योजनेतला आणि इरास्मस या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतला त्यांचा सहभाग अडवला. गोड बोलून नाक दाबणं म्हणतात ते हेच.

सगळ्यात वाईट अवस्था माझ्या मते तुर्कस्तानची. 1995 च्या शेवटापासून युनियनबरोबर कस्टम्स युनियनमध्ये (म्हणजे आपसात ड्युटी नाही आणि बाहेरच्या मालावर दोघांची ड्युटी सारखी), 2005 पासून सदस्यत्वाच्या वाटाघाटी, त्याही आता ठप्प. आणि युनियनने तिसऱ्या देशाशी व्यापार करार केला की त्या देशाचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात कमी ड्युटीत घुसू शकतो, पण तुर्की मालाला तिकडे ती सवलत आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा करार करत बसा.