कादंबरीकाराचा उन्हाळा : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी प्रकाशक कसा गाठावा, हस्तलिखित कोणाला दाखवावे असे विचारणारे वाचक या दिवसांत वेळेविषयी विचारू लागतात, आणि त्या वेळेत कादंबरी, राहून गेलेले वाचन व घरची माणसे हे सगळे कसे बसवावे हीच बहुतेकांची अडचण असते. या वेळच्या पत्रांतले काही प्रश्न थोडक्यात करून येथे दिले आहेत.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. सुट्टी लागली की यंदा कादंबरी पुरी करायचीच असा निश्चय दर वर्षी करते, आणि शाळा उघडते तेव्हा पहिलीच तीन प्रकरणे पुन्हा एकदा लिहून झालेली असतात. एका उन्हाळ्यात कादंबरी लिहून होते का?

आधी हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या कादंबरीचा पहिला खर्डा ६० हजार शब्दांचा धरला, सुट्टी आठ आठवड्यांची धरली आणि आठवड्यातून एक दिवस लेखणी खाली ठेवली, तर रोज ५०० शब्दांच्या गतीने २४ हजार शब्द हाती लागतात. रोज हजार शब्द लिहिल्यास ते ४८ हजार होतील, पण नोकरी आणि घर सांभाळून लिहिणाऱ्याने पहिल्याच उन्हाळ्यात हजारांचा संकल्प करू नये, कारण तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मोडल्यावर वहीकडे बघवत नाही. स्टीफन किंग यांनी लेखनकलेवरील आपल्या पुस्तकात जाडजूड कादंबरीचाही पहिला खर्डा तीन महिन्यांत, म्हणजे एका ऋतूत, संपवावा असे म्हटले आहे. मात्र हा सल्ला पूर्णवेळ लेखकाचा आहे.

तुमच्या परिस्थितीला अधिक जवळचे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांचे आहे. ते अनेक वर्षे पोस्टखात्यात नोकरीला होते. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःवर दंडक घालत. किती मजकूर झाला याची नोंद ते रोज एका वहीत करीत, त्यामुळे आळसात गेलेला दिवस त्या वहीतून त्यांच्याकडे टक लावून पाहत असे. या शिस्तीवर त्यांनी ४० हून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. मराठी वाचक अशा वेळी ‘श्यामची आई’चा दाखला हमखास देतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ते पुस्तक लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते पुरे केले, हे खरेच आहे. तथापि, त्यातला मजकूर लेखकाने लहानपणापासून मनात वागवला होता आणि तुरुंगात त्यांच्यामागे घरचा व्याप नव्हता, तेव्हा वेळापत्रक आखताना तो दाखला बाजूला ठेवलेलाच बरा.

तुमची खरी अडचण मात्र गतीची नाही. पहिली तीन प्रकरणे पुन्हा लिहिण्यात एक सुरक्षितपणा असतो, कारण तेथे काय घडणार ते ठाऊक असते. चौथ्या प्रकरणात काय घडणार ते ठाऊक नसते, आणि त्या भीतीला आपण ‘अजून थोडे घासूनपुसून घेऊ’ असे गोंडस नाव देतो. म्हणून या उन्हाळ्यापुरती ती तीन प्रकरणे कपाटात बंद करा. लिहिता लिहिता मागचे काही बदलावेसे वाटले, तर वेगळ्या वहीत ‘धाकट्या भावाला पहिल्याच प्रकरणात नोकरी लावून टाकायची’ अशी एक ओळ टिपा आणि त्याला नोकरी लागलेलीच आहे असे धरून पुढे चला. दुसरी सवय अर्नेस्ट हेमिंग्वे यांची : पुढे काय होणार हे माहीत असतानाच ते दिवसाचे काम थांबवीत. समजा, थोरली बहीण गावाहून परतल्याचा प्रसंग तुम्ही लिहीत आहात. ती खोलीत येते आणि टेबलावर ठेवलेले पत्र तेथे नाही असे तिच्या लक्षात येते. ते कोणी उचलले हे तुम्हाला ठाऊक आहे, लिहिण्याची उबळही आहे, आणि नेमके तेथेच थांबायचे आहे. समासात ‘पत्र वहिनीने घेतले, पण तिने ते उघडलेले नाही’ एवढे खरडून उठा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसण्याची पाळी येणार नाही, आणि मधल्या वेळात घरची कामे चालू असताना ती वहिनी तुमच्या मनात आपोआप हलूबोलू लागेल.

या पद्धतीने यंदा २४ हजार शब्द झाले, तर ते चौथ्या प्रकरणापासून पुढचे असतील. सुट्टी संपल्यावर रोज २०० शब्दांचा रतीब चालू ठेवलात, तर पुढचा उन्हाळा उजाडेपर्यंत खर्डा संपलेला असेल.

प्रश्न : पहाटे लिहावे की रात्री? हाताने की संगणकावर?

घर झोपलेले असेल तेव्हा, आणि ज्याने हात थकत नाही त्याने. एवढेच म्हणेन की सकाळी फोन आधी हातात घेतला तर पहाटेचा फायदा उरत नाही.

प्रश्न : माझी दोन्ही मुले लहान आहेत आणि सुट्टीत दिवसभर घरी असतात. लिहायला बसले की त्यांच्याकडे दुर्लक्ष होते असे वाटते, आणि त्यांच्याबरोबर असले की कादंबरी खुणावत राहते. दोन्हीकडे अपराधीच वाटते. यावर काही उपाय आहे का?

तुमच्यासारखी पत्रे बहुतेक स्त्रियांचीच येतात आणि पुरुषांची जवळजवळ येतच नाहीत, ही गोष्ट येथे नोंदवणे भाग आहे. कादंबरीत बुडून गेलेल्या लेखकाच्या ज्या कथा आपण कौतुकाने सांगतो, त्यांतल्या बहुतेकांत घर दुसरेच कोणी चालवीत असते. टॉलस्टॉय यांच्या अवाढव्य कादंबरीचे खर्डे त्यांच्या पत्नी सोफिया यांनी पुनःपुन्हा नकलून काढले, आणि घर व मुले यांचा भारही त्यांच्यावर होता. काझुओ इशिगुरो यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेली आपली बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरी कशी लिहिली ते स्वतःच सांगितले आहे : चार आठवडे, सोमवार ते शनिवार, सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत केवळ लेखन, पत्रे नाहीत, फोन नाही, घरी कोणाचे येणे नाही, आणि त्या काळात स्वयंपाक व घरकाम यांतला त्यांचा वाटा त्यांच्या पत्नीने उचलला. स्वतःचे काम असूनही तिने तो उचलला हेही ते मोकळेपणाने नमूद करतात, आणि मला त्यांचा हा प्रांजळपणा त्या वेळापत्रकापेक्षा मोलाचा वाटतो. त्यामुळे पहिला प्रश्न तुम्ही स्वतःला न विचारता घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला विचारा : या आठ आठवड्यांत रोजचा एक तास मुलांना कोण पाहणार? त्याचे उत्तर नक्की झाल्याखेरीज कोणतेही वेळापत्रक टिकणार नाही.

असे दुसरे माणूस घरात नसेल तर काय, याचे उत्तर टोनी मॉरिसन यांच्या आयुष्यात सापडते. पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात त्या प्रकाशनसंस्थेत नोकरी करीत होत्या आणि दोन मुलांना एकट्याने वाढवीत होत्या. मुले जागी होण्याआधी, उजाडण्यापूर्वी लिहिण्याची सवय त्यांना तेव्हाच लागली आणि पुढे ती कायम राहिली. अ‍ॅलिस मन्रो यांनी मुलींच्या दुपारच्या झोपेच्या वेळा लेखनासाठी वापरल्या. कादंबरीला लागणारा सलग वेळ मिळेना म्हणून त्या कथेकडे वळल्या, आणि २०१३ साली त्या कथांसाठीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांच्या बाजूने पाहिले तर त्यांना खुपते ती तुमची अनिश्चितता. ‘आई थोड्या वेळाने येईल’ हे वाक्य लहान मुलाच्या दृष्टीने अंतहीन असते, तर ‘घड्याळाचा मोठा काटा पुन्हा बारावर आला की दार उघडेल’ हे त्याला समजते, आणि दार खरोखर त्या वेळी उघडले की चार-पाच दिवसांत ते दारावर थापा मारणे सोडून देते. येथे शब्द पाळण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली. वाक्य अर्धे असले तरी उठायचे. वर सांगितलेल्या कारणामुळे अर्धे वाक्य उद्याच्या कामाला उपयोगीच पडते. दार उघडल्यावर मात्र वही आत ठेवून या. खेळताना मधूनच टिपण काढणारी आई मुलांना चटकन ओळखू येते.

प्रश्न : कादंबरी लिहीत असताना दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचाव्यात का? त्यांची शैली आपल्या लेखनात उतरेल अशी भीती वाटते.

उतरते, यात शंका नाही. लांबलचक, वळणावळणाची वाक्ये लिहिणारा लेखक आठवडाभर वाचला की आपलीही वाक्ये लांबू लागतात. परंतु न वाचता लिहिलेल्या मजकुरात त्याहून मोठा दोष येतो : त्यात वर्तमानपत्रांची आणि मालिकांची भाषा उतरते, कारण कानावर तेवढीच पडत असते. मधला मार्ग असा की खर्डा चालू असताना आपल्या कादंबरीच्या जातकुळीपासून दूरचे वाचावे. कौटुंबिक कादंबरी लिहिणाऱ्याने इतिहास, पत्रसंग्रह, प्रवासवर्णने आणि कविता वाचाव्यात. आपल्याच विषयावरच्या कादंबऱ्या खर्डा संपेपर्यंत फडताळात राहू द्याव्यात.

सुट्टीत एखादी तरी कादंबरी दोनदा वाचा असे मी आवर्जून सांगेन. पहिल्यांदा निव्वळ आनंदासाठी. दुसऱ्यांदा त्यातले एकच प्रकरण हातात पेन्सिल घेऊन. काळ पुढे सरकतो तेथे समासात रेघ ओढा आणि लेखकाने ते कशाने दाखवले ते पाहा : ‘तीन वर्षांनंतर’ असे सरळ लिहून, की मुलाचा सदरा आखूड झाल्याचे सांगून? नवे पात्र येते तेव्हा त्याचे वर्णन आधी येते की त्याचे बोलणे? संवादात ‘तो म्हणाला’ किती ठिकाणी आहे आणि कोठे गाळले आहे? एका प्रकरणावर अशी दुपार घालवली की कार्यशाळेत बसून जे कळत नाही ते कळते. मुलांना मोठ्याने वाचून दाखवणे हाही या अभ्यासाचाच भाग मानावा, कारण कोणते वाक्य तोंडात अडखळते आणि कोणत्या ठिकाणी मूल चुळबुळ करू लागते हे त्याशिवाय इतक्या स्वच्छपणे समजत नाही.

प्रश्न : सुट्टीत सगळे नातेवाईक एकत्र जमतात. आजीकडे जुन्या गोष्टींचा खजिना आहे. तिच्या आठवणी कादंबरीत वापरल्या तर चालतील का?

तिला विचारून वापरा, आणि ज्यांच्याविषयी त्या आठवणी आहेत ती माणसे हयात असतील तर नाव, व्यवसाय, नाते यांपैकी काय काय बदलायचे ते आधीच ठरवा. केवळ नाव बदलल्याने कोणी फसत नाही. घरच्या माणसांना पहिल्या परिच्छेदातच सगळे कळते. दोन-तीन माणसांचे स्वभाव एका पात्रात मिसळले तर कादंबरीलाही ते मानवते, कारण खऱ्या माणसाशी इमान राखण्याच्या नादात लेखक कथेच्या गरजेकडे पाठ फिरवतो.

आजीला ‘तुझ्या लहानपणाविषयी सांग’ असे विचारू नका. तिने शंभर वेळा सांगितलेली, गुळगुळीत झालेली गोष्टच ती पुन्हा सांगेल. त्याऐवजी वस्तूंविषयी विचारा : कपाटाची किल्ली कोणाकडे असे, पत्र आले तर ते कोण वाचून दाखवी, रात्री शेवटचा दिवा कोण मालवी? किल्ली कोणाकडे होती यावरून घरातली सत्ता कोणाकडे होती ते उलगडते, आणि ही माहिती आजी कधीच आपण होऊन देणार नाही, कारण ती सांगण्याजोगी आहे असे तिला वाटलेलेच नसते. बोलणे ध्वनिमुद्रित करायचे असेल तर तिची परवानगी घ्या. सगळे जमलेले असताना वही उघडून बसू नका.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात सगळे ठरवले होते, आधी आजारपण, मग पाहुणे, मग प्रवास. एक पानही झाले नाही. अशी सुट्टी वाया गेली की पुन्हा सुरुवात कशी करावी?

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या परिणामाने १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी उतरलेल्या मंडळींना थंडीपावसामुळे घरात कोंडून बसावे लागले. त्यांत मेरी शेली होत्या. वय १८, कडेवर काही महिन्यांचा मुलगा. वेळ घालवण्यासाठी प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी असे ठरले, आणि त्यांना कित्येक दिवस काहीच सुचेना. अखेर जे सुचले त्यातून ‘फ्रँकेन्स्टाइन’ उभी राहिली. पण त्या प्रसिद्ध उन्हाळ्यात फक्त सुरुवात झाली होती. पुस्तक पुढच्या वर्षी पुरे झाले आणि १ जानेवारी १८१८ रोजी प्रसिद्ध झाले. तेव्हा गेलेल्या सुट्टीची भरपाई या सुट्टीत करण्याच्या फंदात पडू नका. दुप्पट शब्दांचे लक्ष्य ठेवले की ही सुट्टीही त्याच वाटेने जाईल. आजारपणात, प्रवासात जे पाहिले त्यातली एखादी गोष्ट आजच्या पानावर आणता येते का ते पाहा, आणि पाहुणे येणारच आहेत असे धरून रोजचा अर्धा तास राखा.

प्रश्न : पहिला खर्डा घरच्यांना दाखवावा का?

लगेच नको. स्टीफन किंग खर्डा किमान सहा आठवडे बाजूला ठेवावयास सांगतात, आणि हा सल्ला पूर्णवेळ नसलेल्या लेखकालाही पाळता येतो; सुट्टीअखेर जो काही मजकूर झाला असेल तो तेवढे दिवस न उघडता ठेवा, मग स्वतः वाचा, दुरुस्त करा आणि त्यानंतर घरातल्या एकाच माणसाला द्या. ‘कसे वाटले?’ असे विचारल्यास ‘छान आहे’ असेच उत्तर येईल. वाचता वाचता कोठे कंटाळा आला, कोठे पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, त्या पानावर फक्त फुली मारायला सांगा, आणि फुल्या मोजताना तोंडातून एकही खुलासा निघू देऊ नका.