कैगाची अणुभट्टी ‘ब्रीडर’ आहे का? आणि या ब्रीडर भट्ट्या कधीपासून आहेत?

नाही. कर्नाटकातलं कैगा आमच्या खानापूरपासून फार लांब नाही, म्हणून इकडं हा घोळ होतो. तिथल्या चारही भट्ट्या २२० मेगावॅटच्या, जड पाण्यावरच्या.

ब्रीडर म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जाळावं आणि जाळलं त्याहून जास्त चिपाड परत निघावं, असा प्रकार! अर्थात फुकट काही नाही. भट्टीतले वेगवान न्यूट्रॉन एरवी सहज न जळणाऱ्या युरेनियम-२३८ चं प्लुटोनियम करतात, आणि ते पुन्हा इंधन म्हणून चालतं.

सुरुवात अमेरिकेत. आयडाहोतल्या ईबीआर-१ या प्रायोगिक ब्रीडर भट्टीनं २० डिसेंबर १९५१ ला चार दिवे पेटवले. पुढं घोडं अडलं ते सोडियमपाशी. पाणी न्यूट्रॉनचा वेग मारतं, म्हणून उष्णता वाहून न्यायला वितळलेलं सोडियम वापरतात. आणि ते पाण्याला लागलं की भडकतं, तापलेलं असताना तर नुसत्या हवेनंही पेटतं. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५ मध्ये तेच गळालं. फ्रान्सनं सुपरफिनिक्स ही आपली ब्रीडर भट्टी १९९७ मध्ये गुंडाळायचं ठरवलं, त्यात राजकारणही होतंच. रशियाची बीएन-६०० मात्र १९८० पासून वीज देतेय.

आपल्याकडं कल्पाक्कमची छोटी चाचणी भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. शेजारच्या ५०० मेगावॅटच्या भट्टीचं बांधकाम २००४ चं, आणि भट्टीचा गाभा भरायला सुरुवात मार्च २०२४ मध्ये.