सीईए थोडा वाढलाय? आधी हे बघा
ताई, सीईए (आतड्याचा कॅन्सर परत येतोय का हे बघायला रक्तात मोजतात ते प्रोटीन) ३.१ चा ४.४ झाला म्हणून रात्रभर गूगल करत बसू नका. आतड्याच्या कॅन्सरनंतर एकाच आकड्यावरून काही ठरत नाही, बहुतेक लॅब ५ पर्यंत नॉर्मल धरतात, सिगरेट ओढणाऱ्यांचा किंवा लिव्हरला सूज असली तर तसाही जास्त येतो, केमो चालू असताना पण कधीकधी वर जातो. लॅब बदललीत का मधे? वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत, त्यामुळे टेस्ट एकाच ठिकाणी करा आणि जुने सगळे आकडे तारखेनुसार एका कागदावर लिहा. दर वेळी चढतच असेल तर मात्र ‘नॉर्मलमधे आहे’ एवढ्यावर उठायचं नाही, डॉक्टरांना सरळ विचारा, परत कधी करायची, सीटी स्कॅन आत्ताच लागेल का. घाई असते त्यांना, माहितीये, तरी विचाराच.