लंडनमध्ये मीडिया कंपनीत फायनान्सची नोकरी: 55,000 पाउंड पुरतील का?

तुम्ही सीए आहात, लंडनच्या मीडिया कंपनीची 55,000 पाउंडांची ऑफर आहे, बायको-मुलगीही येणार, आणि पगार समाधानकारक आहे का, असं विचारलंत. व्हिसाचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते सोडते.

हातात महिन्याला साधारण 3,500 येतील, पेन्शनची कपात वेगळी. बँका याच अनुभवाला जास्त देतात. मला मात्र रॉयल्टीचे हिशेब, एखाद्या मालिकेचा खर्च किती वर्षांत उतरवायचा यावरचे वाद, हे काम मनापासून आवडतं.

कंपनी हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसासाठी सरकारला भरायचा आरोग्यसेवेचा आकार, कोणाकोणाचा भरणार, ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. आज तिघांचा 5 वर्षांचा 14,230 पाउंड होतो, तोही अर्जाबरोबरच. मी 2019 मध्ये आले तेव्हा तो माणशी वर्षाला 400 होता. कंपनीने फक्त माझा भरला. नवऱ्याचा आणि लेकीचा आम्ही पीएफ काढून भरला.

शाळेचं अजून सलतं. वर्षाच्या मध्येच आलो, जवळच्या शाळेत जागा नव्हती, दोन बस बदलून जावं लागे. लेक ठाण्याच्या इंग्रजी माध्यमात शिकलेली, पण नव्या वर्गात गप्प राहायची, म्हणून तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं. शिक्षकांनी भेटायला बोलावलं त्या दिवशी मंथ-एंड क्लोजिंग, म्हणजे महिनाअखेरचे हिशेब बंद करायचं काम होतं. मी रजा मागितली नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला, साहेब नाराज झाला तर, ही धास्ती. सहा महिने ती त्याच गटात होती.

एकटेपणाचं विचारलंत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. जा, माणसं भेटतात.

पगाराबद्दल खरं सांगायचं तर त्याच धास्तीने पाच वर्षं मी तोंड उघडलं नाही. शेजारी बसणारी, तेच काम करणारी सहकारी एकदा सहज बोलून गेली, तिला माझ्यापेक्षा 7,000 जास्त होते. तरीही गप्प. 2024 मध्ये आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदा विचारलं. पुढच्याच महिन्यात 6,000 वाढले, कोणी एक प्रश्नही केला नाही. पत्र वाचून मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. तुम्ही सही करण्याआधीच मागा. आणि शाळेने बोलावलं, तर क्लोजिंग असलं तरी जा.