वीज जाऊन आली की सातपूरच्या वर्कशॉपमधला सर्व्हर बाकीच्या कॉम्प्युटरना सापडत नाही. काय करावं?

सर्व्हर बहुतेक ठणठणीत आहे, त्याचा पत्ता बदलतोय. राउटर पुन्हा सुरू झाला की त्यातली पत्ते वाटणारी सोय, म्हणजे डीएचसीपी, कधीकधी नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देते आणि बाकीचे कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात. राउटरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या कायमच्या नंबरासाठी, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेससाठी एक आयपी राखून ठेवा. सर्व्हरवर हाताने आयपी टाकण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं, तोच आयपी दुसऱ्या मशिनला जायची भीती राहत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. मग सर्व्हरला डीएचसीपीकडून उत्तरच मिळालेलं नाही; आधी केबल आणि स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा) बघा. अंबडला आमच्याकडे सर्व्हर यूपीएसवर होता, पण स्विच यूपीएसवर नव्हता. ते लक्षात यायला दोन दिवस गेले. राउटर, स्विच, सर्व्हर तिन्ही यूपीएसवर घ्याच.